दाखला बाप्तिस्म्याचा, दाखला उत्पन्नाचा

शिक्षण हक्क कायद्यातल्या गरिबांसाठीच्या २५ टक्के जागा मिशनच्या शाळांनीही द्याव्यात का, यावरून आमच्या बडोद्याच्या गोतावळ्यात सध्या दोन तट आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावरच शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. काका म्हणतात, धर्मांतराचे अड्डे ते, त्यांचे लाड पुरे झाले. मामेभाऊ म्हणतो, कॉन्व्हेंट नसती तर ताई लंडनला पोचली असती का? ताई म्हणजे मी, म्हणून हे लिहिणं आलं.

आम्ही लंडनच्या उपनगरात राहतो. कॅथलिक चर्च आणि त्याला चिकटून शाळा, हे इथे नेहमीचं दृश्य. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश कॅथलिक मजूर १८४० च्या दशकात इंग्लंडभर पसरले. कॅथलिकांना बहुतेक नागरी हक्क मिळून तेव्हा उणीपुरी वीस वर्षंही झाली नव्हती. १८५२ मध्ये त्यांच्या बिशपांनी ठरवलं, की नव्या वस्तीत आधी शाळा बांधायची आणि चर्चसाठी पैसे जमेपर्यंत प्रार्थनाही तिथेच उरकायची. हातावर पोट असलेल्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या पोरांसाठी उभं केलेलं काम होतं ते. १९०२ च्या कायद्याने अशा शाळांचे पगार सरकारी पैशांतून होऊ लागले. १९४४ च्या कायद्यात बांधकामाचा निम्मा खर्च चर्चकडे राहिला, तोही आता १० टक्क्यांवर आलाय. प्रवेशाचे नियम मात्र चर्चच्याच हातात.

ते नियम वाचून मी चाटच पडले. मुलं जास्त आणि जागा कमी असतील तर आधी कॅथलिक मुलं, मग इतर ख्रिस्ती, मग इतर धर्मांची, आणि सगळ्यांत शेवटी उरलेली. सोबत बाप्तिस्म्याचा दाखला, कुठेकुठे फादरची सहीसुद्धा. शाळा चालते करातून, म्हणजे आमच्याही पैशांवर, आणि आमची लेक रांगेच्या शेपटाला. मूल तीन वर्षांचं झालं की काही आईबापांना अचानक रविवारची प्रार्थना आठवते, अशी कुजबुज इथले लोकही करतात.

बडोद्यात फत्तेगंजातल्या कॉन्व्हेंटने किंवा प्रतापगंजातल्या रोझरीने आम्हा दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या पोरांकडे कधी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला? रिक्षात दप्तरांसकट कोंबलेली आम्ही बहुतेक हिंदूच. सकाळी ‘अवर फादर’ म्हणायचं आणि घरी येऊन गणपतीची आरती. बाटलेला एकही वर्गमित्र मला आठवत नाही. काकांचा नातूही अशाच शाळेत जातो, हे जाता जाता.

म्हणजे मामेभाऊ जिंकला? छे. आमच्या वर्गात भांडी घासणाऱ्या बाईंची मुलगी नव्हती, आणि नातवाच्या वर्गातही नाही. अनुदानित शाळांची गोष्ट वेगळी, पण विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी हाच दाखला. इथली शाळा धर्म पाहते, तिथली खिसा. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, तो त्या समाजाच्या मुलांसाठी, असं मी समजते. वर्गात ती मुलं मूठभर आणि आमची भरमसाट, तर मग पाव वर्ग उत्पन्नाच्या दाखल्यावर भरल्याने कुठला हक्क बुडतो? या मुलांच्या फीच्या परताव्याचे पैसे सरकारने शाळांना वेळेवर द्यावेत, हे मान्य. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही कुरकुर करणारे असतीलच. त्याच महाराजांचे पुतळे धुणारे आम्ही चार बाकांसाठी अडतो.

खरी अडचण फादर-सिस्टरांची नाहीच. सूट उठली तर आपल्या पोराशेजारी कोण बसेल, ही आहे. हे ग्रुपवर टाकलं तेव्हा काका आणि मामेभाऊ पहिल्यांदाच एका सुरात म्हणाले, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय!’