मालकाकडून उत्तर: "व्हिजिट चार्ज घेतला आणि टँकला हात न लावता गेले" (एक स्टार)

नमस्कार सर, दुकानाचा मालक लिहितोय. रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मेंटेनन्सला आलेल्या मुलाने काम न करता व्हिजिट चार्ज घेतला, "आधी आरसीसीबी बसवा" (करंट लीक झाला की लाईन तोडणारा स्विच) ही सामान खपवायची ट्रिक आहे, अर्धा तास पंप बंद ठेवून मासे मारायला निघाला होता, आणि नंतर तुम्ही स्वतः दुकानात ॲसिड मागायला आलात तर तेही दिलं नाही. पंप बंद केला, पाण्यात हात घातला नाही, ॲसिड दिलं नाही, तिन्ही खरंय. का, ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो, जरा लांबेल, पण मरीन (खाऱ्या पाण्याच्या) फिश टँकवाले इतर लोकही हे वाचतात.

आधी खपवायचं बघू. आरसीसीबी आमच्या दुकानात मिळतच नाही. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून घ्या, तुमच्याच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आम्हाला त्यात एक रुपया सुटत नाही.

आता मुलाने काय बघितलं ते. काम चालू करायच्या आधी कॅबिनेट उघडून फोटो पाठवायचा हा आमचा नियम आहे, तुमच्याकडचे फोटो माझ्याकडे आहेत. एक्स्टेंशन बोर्ड सम्पच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) शेजारी जमिनीवर आडवा पडलेला, त्याच्यावर मिठाचा पांढरा थर, पिनांजवळ हिरवट झालेला, आणि एका सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. रिटर्न पंपाची (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणाऱ्या) वायर वरून सरळ त्या बोर्डात उतरलेली, मध्ये खाली झोळ नाही, त्यामुळे वायरवरून ओघळणारा थेंब थेट प्लगात. वायर आधी प्लगच्या खाली उतरवून मग वर घेतली की पाणी त्या झोळातून खाली गळतं, याला काडीचा खर्च नाही. आणि चिलरची (पाणी थंड ठेवणाऱ्या मशीनची) थ्री पिन कन्व्हर्टर लावून टू पिन केलेली, म्हणजे पत्र्याच्या बॉडीचं अर्थिंगच गायब.

त्या मिठाला लोक फार हलक्यात घेतात. "पुसलं की जातं" म्हणतात. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच, आणि ठाण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर दमटपणा बहुतेक वेळ त्याच्यावरच असतो. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा दिसणारा तो थर पावसाळ्यात फेज आणि न्यूट्रलच्या मधली वायर होतो. सॉकेट तपकिरी झालाय तो तिथे तापून तापून. तुम्ही झोपलेले असताना आग लागते ती अशाच ठिकाणी.

तुम्ही मुलाला म्हणालात, "आमच्याकडे एमसीबी आहे की." असूदे ना, हवीच. पण एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवत नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडणार नाही आणि माणसाच्या छातीतून ५०-१०० मिलिअँपिअर गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, एमसीबीला ते कळत पण नाही. आरसीसीबी (आपले जुने इलेक्ट्रिशियन तिला ईएलसीबीच म्हणतात) जाणारा आणि परत येणारा करंट मोजत बसते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, मोठा लीकेज असेल तर त्याच्याही आधी, लाईन तोडते. तुमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नावापुरतं असेल, तरी ती चालते, फक्त तेव्हा ती पडायला करंट आधी तुमच्या अंगातून जावा लागतो, म्हणून अर्थिंग पण नीट करून घ्या. आणि टँकच्या पॉइंटला वेगळी घ्या, सगळ्या घराला एकच नको, नाहीतर तुम्ही गावाला आणि इकडे गिझरच्या लीकेजने घरची लाईन पडली की टँक गेला.

"इतकी वर्षं झाली, कधी झटका बसला नाही, मासे पण मजेत फिरतायत" हेही तुम्ही लिहिलंय. हा सगळ्यात कॉमन गैरसमज. तारेवर कावळा बसतो त्याला काय होतं? टँक काचेचा, खाली लाकडी कॅबिनेट, पाण्यात करंट उतरला तरी त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून मासे निवांत. वाट मिळते ती तुम्ही फरशी पुसलेल्या ओल्या जागी अनवाणी उभं राहून हात घालता तेव्हा. त्यात समुद्राच्या खारटपणाचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त करंट वाहून नेतं, आणि कोपरापर्यंत भिजलेल्या हाताला कातडीचा आधार उरत नाही. आता कुणीतरी पाण्यात टेस्टर धरून दाखवेल, तर टेस्टर लागला म्हणजे लीकेजच असं पण नाही, पंपाच्या कॉइलमुळे नुसतं इंड्यूस झालेलं व्होल्टेज पण टेस्टर लावतं. म्हणूनच टेस्टरवर आमचा भरवसा नाही, लागला तरी नाही आणि नाही लागला तरी नाही.

तुम्ही ऑनलाइन मागवून टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब (टँकचं पाणी अर्थिंगला जोडणारी कांडी) टाकलाय. चांगली वस्तू आहे, पण आरसीसीबीसोबत. पंप लीक झाला की प्रोबमधून करंट जमिनीत जातो आणि आरसीसीबी लगेच पडते, तुमचा हात पाण्यात जायच्या आधीच. आरसीसीबीशिवाय मात्र तुम्ही फक्त पाणी जमिनीला जोडून ठेवलंय. एक हात त्या पाण्यात आणि दुसरा हात बिघडलेल्या लाईटच्या पत्र्याला लागला तर मधली वाट तुमची छाती. म्हणून मुलगा नाही म्हणाला. त्याला तसं मीच सांगून ठेवलंय, पगार मी देतो पण घरी आई-वडील त्याचे वाट बघतात.

पंप बंद करून प्लग बाहेर काढले कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, बटण बंद आणि फेज चालू. अर्ध्या तासाने नीमोला काही होत नाही, महावितरण याच्यापेक्षा जास्त वेळ घेतं. दोन-तीन तास लाईट जाणार असेल तर बॅटरीवरचा एअर पंप सोडा, झालं.

ॲसिडचं. तुम्ही काउंटरला येऊन काय म्हणालात आठवा: पंप काल रात्रीपासून बाथरूममध्ये ब्लीचच्या बादलीत आहे, चुनखडी निघत नाही, त्यातच थोडं ॲसिड ओततो. सर, ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस निघतो. बंद बाथरूममध्ये. हार्डवेअरवाला बाटली देईल, तो विचारणार नाही, आम्ही विचारलं म्हणून राग आला. आणि हे फक्त टॉयलेटच्या ॲसिडचं नाही, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व ब्लीचमध्ये टाकलं तरी तेच. ब्लीच शेवाळासाठी, आंबट वस्तू चुनखडीसाठी, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी केलं तर उत्तम, आणि मध्ये भरपूर पाण्याने धुऊन, शेवटी अँटी-क्लोरीनच्या पाण्यात बुडवून. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, परत सांगतो: किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्याला दोन-तीन चमचे, पंप खोलून दोन-तीन तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पंख्याचा) मॅग्नेट बाहेर काढून वेगळा घासा, तिथेच घाण असते.

कॅल्शियम वाढवायला तुम्ही कालकवासर वापरता, तो आपला चुनाच, पीएच १२ च्या वर. उघड्या हाताने आणि चष्म्याशिवाय पंख्याखाली मोजू नका, डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. कॅल्शियम क्लोराईड असेल तर पाण्यात थोडं थोडं टाका, विरघळताना भांडं चांगलंच तापतं.

शेवटचं, ते दगड. कुणाच्या तरी बंद केलेल्या टँकमधून आणलेला लाईव्ह रॉक (जीवजंतू वाढलेला समुद्री दगड) "यूट्यूबवर दाखवतात तसा" उकळून घ्यायचा होता, त्याला पण आम्ही नाही म्हणालो म्हणून तक्रार आहे. त्याच्यावर झोआ (बटणासारखे छोटे प्रवाळ) दिसत होते. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, उकळल्याने ते जात नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं: तोंडाला कडू धातूसारखी चव, ताप, खोकला, धाप. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान ॲक्वेरियमची दुकानं आणि घरं दोन्हीकडे असे लोक आजारी पडले, अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०१५ ला त्याची नोंद छापलीय. आणि ते उकळणार कुठे होतात, तर स्वयंपाकघरात. दगड पाण्यातच राहू द्या, हात लावताना ग्लोव्हज आणि चष्मा, ब्रश आणि गरम पाणी अजिबात नको.

व्हिजिट चार्ज परत मिळणार नाही, मुलगा आला, तपासलं, फोटोसकट लिहून दिलं, ते कामच आहे. पण पुढच्या व्हिजिटचा लावणार नाही. आरसीसीबी बसली की टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा (ते महिन्यातून एकदा दाबायचंच असतं), बोर्ड नवीन घेऊन भिंतीवर पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला लावा, चिलरची थ्री पिन परत करा आणि दुकानाच्या नंबरवर फोटो टाका, रविवारी सकाळी मुलगा येईल. जुना बोर्ड कामवाल्या मावशींना देऊ नका, वायर कापूनच कचऱ्यात टाका, नाहीतर कुणीतरी उचलून घरी लावेल.