दादा, मी डॉक्टरांची वकिली करत नाहीये

दादा, कमेंट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूत बिघाड होऊन हालचालीवर ताबा न राहणं) जेनेटिक, म्हणजे जीनमधल्या बिघाडामुळं असू शकते असं आधीच्या पोस्टमध्ये लिहून मी डॉक्टरांना सोडवतोय आणि सुनेला दोष द्यायला सासवांच्या हातात आयतं कोलीत देतोय, तुमचा पुतण्या तर जन्मल्यावर रडलाच नाही, मग जीनचा काय संबंध.

बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडणं, कावीळ मेंदूपर्यंत जाणं, दिवस भरायच्या आत जन्म, ही कारणं खरीच आहेत, आणि हलगर्जी झाली असेल तर जाब विचाराच. पण "रडला नाही" हे दरवेळी कारणच असतं असं नाही ओ. मेंदूत आधीपासून गडबड असेल तरी बाळ जन्मताना मलूल असू शकतं. ही शंका फ्रॉइडनं, हो तोच स्वप्नांचा अर्थ लावणारा डॉक्टर, १८९७ मध्येच काढली होती. २०२० मध्ये २५० मुलं आणि त्यांचे आईबाप यांचे जीन तपासून एक अभ्यास आला, त्यात साधारण १४ टक्के मुलांत कारण जीनमध्ये दिसलं. सगळंच जेनेटिक असं मी कुठं म्हटलंय?

आता सुनेचं. जीनमधले यातले बरेच बदल आईबापात नसतातच, बाळात नव्यानं होतात, आणि असे नवे बदल जास्त करून बापाच्या बीजातून येतात, हे त्या सासूबाईंना सांगा की एकदा! दुसरा प्रकार म्हणजे दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे एकाच जीनची एकेक खराब कॉपी, आणि बाळाला दोन्ही खराब मिळाल्या. तुम्हीच लिहिलंय की वहिनी मामाचीच मुलगी, आपल्या सोलापूर-अक्कलकोटकडे हे घरोघरी आहे, आणि नात्यातल्या लग्नात याची शक्यता वाढते. यात दोष दोघांकडून सारखाच येतो, एकट्या सुनेचा कसा होईल?

आणि मी हे का लावून धरतोय तर काही मुलांना सीपीचा शिक्का बसतो आणि आजार निघतो दुसराच. पोरगी सकाळी बरी चालते, संध्याकाळ झाली की पाय आखडून टाचा उचलते, घरचे म्हणतात दमली असेल, आणि ते निघतं डोपाला दाद देणारं डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडायचा, पण औषधानं सुधारणारा आजार. लेव्होडोपा या औषधाच्या छोट्या डोसवर अशी मुलं खरंच चालायला लागतात. आम्ही फिजिओवाले वर्षानुवर्षं नुसतं स्ट्रेचिंग करत बसलो तर काय उपयोग?

पुतण्याचं निदान मी इथं बसून करणार नाही. पण तुम्ही म्हणताय तसा त्याच्या मेंदूचा एमआरआय नॉर्मल आलाय आणि लग्न नात्यातलं आहे, एवढ्यावर लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टला जीन टेस्टचं विचारायलाच पाहिजे, जन्माची सगळी कागदं घेऊन जा. वहिनी दुसऱ्या बाळाचा विचार करतायत म्हणालात ना, मग दिवस राहायच्या आधी विचारा, कारण कॉपीवाला प्रकार निघाला तर दर खेपेला धोका २५ टक्के आणि नवा बदल निघाला तर बहुतेक वेळा अगदी कमी, आणि रिपोर्टला काही आठवडे जातात. तोपर्यंत थेरपी मात्र चालू ठेवा.