डोळ्याचं चित्र आता पुरे

पाळतीबद्दलचं कलाप्रदर्शन म्हटलं की आत काय असणार हे हल्ली दारातच कळतं. भिंतभर एक डोळा, छताला टांगलेले कॅमेरे, अंधारी खोली, पडद्यावर आपलाच चेहरा. माणूस जरासा चपापतो, तिथलाच एक फोटो काढून टाकतो आणि पुढच्या दालनात जातो. मला या कलेबद्दल जिव्हाळा आहे, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

१९७० साली अमेरिकन कलाकार ब्रूस नाउमनने एक अरुंद बोळ उभारला होता. टोकाला मॉनिटर, कॅमेरा मात्र शिरतो त्या बाजूला, उंचावर. मॉनिटरकडे जावं तसतसे आपण कॅमेऱ्यापासून लांब जातो, त्यामुळे पडद्यावरची आपली पाठमोरी आकृती लहान होत जाते. स्वतःच्या जवळ जाता जाता आपण हातातून निसटतो. त्या काळात हे विलक्षण होतं. पण पन्नास वर्षांनंतरही आपण त्याच बोळात उभे राहून कॅमेऱ्याकडे बघत असू, तर मधल्या काळात काय बदललं ते आपल्याला दिसलेलंच नाही.

आता कुणी बसून बघत नाही. फोन कुठे थांबला, काय शोधलं, कुणाला किती वाजता मेसेज केला याची नोंद होते, ती दुसऱ्या नोंदीशी जुळवली जाते आणि त्यावरून आपल्याबद्दल काहीतरी ठरतं. या सगळ्यात डोळा नाही. म्हणून माझं मत असं, की खरं काम त्याच कलाकारांनी केलंय जे या नोंदींच्या दप्तरात शिरले.

जिल मॅगिडचं २००४ मधलं लिव्हरपूलचं काम घ्या. शहरातल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण ३१ दिवस राहायचं, मग पुसलं जायचं. आपलं चित्रण हवं असेल तर रीतसर अर्ज करायचा. मॅगिड ३१ दिवस लाल कोट घालून शहरात फिरली आणि अर्ज भरत राहिली. पण अर्जात लिहिलं काय, तर आपण कुठे होतो, काय करत होतो, मनात काय चाललं होतं. प्रियकराला पत्र लिहावं तसं. एकदा तर ती भर गर्दीत डोळे मिटून चालली आणि कॅमेऱ्यामागचा पोलीस फोनवरून तिला वाट सांगत होता. त्या यंत्रणेच्या आत एक माणूस बसलाय, त्याच्याशी बोलता येतं, आणि तरीही सत्ता त्याच्याच हातात राहते; या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवतात. त्या चालण्यातला विश्वास खरा आहे, म्हणूनच ते बघताना पोटात गोळा येतो.

मनु लुक्शने ब्रिटनच्याच कायद्याचा आधार घेऊन कॅमेऱ्यांतलं स्वतःचं चित्रण मागवलं आणि २००७ मध्ये त्यातून ‘फेसलेस’ हा चित्रपट केला. इतरांची ओळख झाकायची, हा नियम. त्यामुळे चेहरे नसलेल्या माणसांचं जग हीच गोष्ट झाली. कायद्यातल्या एका अटीनेच पटकथा दिली!

२०२० मध्ये सायमन वेकर्टने बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून एक छोटी हातगाडी ओढत नेली. गाडीत ९९ जुने फोन, सगळ्यांवर गूगल मॅप्स सुरू. नकाशावर तो रस्ता हिरव्याचा लाल झाला, वाहतूक तुंबली म्हणून. रस्त्यावर तुंबलेलं काहीच नव्हतं. यंत्रणेला रस्ता दिसत नाही, फोन दिसतात, हे यापेक्षा सोप्या रीतीने कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

हसन इलाहीबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या विमानतळावर त्याला अडवलं, पुढे कित्येक महिने एफबीआयची चौकशी चालली. त्यावर तो स्वतःच सगळं जाहीर करू लागला: जेवणाची ताटं, स्वच्छतागृहं, विमानतळ, हजारो फोटो. सगळ्यांकडेच माहिती असली की तिची किंमत उरत नाही, हा त्याचा युक्तिवाद. माणूस मेहनत करून बघत होता तेव्हा तो पटण्याजोगा होता. आता यंत्र वाचतं, आणि यंत्र थकत नाही. जितकं जास्त द्याल तितकं ते पोसतं. इलाहीच्या धैर्याला माझा सलाम, पण आज तो मार्ग मी कुणाला सुचवणार नाही.

दुसऱ्यांचं प्यादं करणारी कामं मला मुळीच पटत नाहीत. २०११ मध्ये पाओलो चिरिओ आणि अलेस्सांद्रो लुडोविको यांनी फेसबुकवरची दहा लाख प्रोफाइल उचलली आणि त्यातली अडीच लाख एका डेटिंग साइटवर लावली. मुद्दा कळला, पण किंमत कुणी मोजली? ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्यांनी. मॅगिडने स्वतःला पणाला लावलं, हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

ॲडम हार्वीचा प्रवास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये त्याने चेहऱ्यावर रंगाचे पट्टे आणि केसांच्या बटा अशा बेताने बसवल्या, की त्या वेळच्या सॉफ्टवेअरला तिथे चेहरा आहे हेच कळू नये. ते सॉफ्टवेअर उजेड-अंधाराच्या ठरावीक ठोकताळ्यांवर चालायचं. तंत्र बदललं आणि तोडगा जुना झाला. मग हार्वी चेहरा सोडून, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांना शिकवायला वापरलेल्या फोटोसंग्रहांच्या मागे लागला. मायक्रोसॉफ्टच्या एका संग्रहात सुमारे एक लाख लोकांचे एक कोटी फोटो होते, पाळतीवर टीका करणारे लेखक-पत्रकारही त्यात होते. २०१९ मध्ये तो संग्रह काढून घेण्यात आला. त्याआधी ज्यांनी उतरवून घेतला, त्यांच्याकडे तो आहेच.

२०२१ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी एक शोधयंत्र खुलं केलं. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवरचे आपले फोटो अशा संग्रहांत गेलेत का, ते तिथे बघता यावं म्हणून. शोध फ्लिकरवरच्या आपल्या नावावरून किंवा फोटोच्या पत्त्यावरून घ्यायचा, चेहरा अपलोड करायचा नाही. एक रिकामी चौकट आणि खाली उत्तर, एवढंच. ‘यात कला कुठे आहे?’ असं मला विचारलं गेलंय. चेहरा न मागता चेहऱ्याचा हिशेब देणं, हा निर्णयच मला त्यातली कला वाटते. पुढच्या प्रदर्शनात भिंतभर डोळा लावायची जागा असेल, तर तिथे ही चौकट आणि समोर एक खुर्ची ठेवा.