४८ तासांचं काय झालं?
बाळंतपणाच्या रजेवरच्या तुमच्या लेखात '२६ आठवडे भरपगारी रजा' असं सहज लिहून टाकलंय. २०१७ पासून कायद्यात आहे खरं, पण पगार हातात कधी पडतो ते विचारा! बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत पुढच्या रजेचे पैसे द्यायचे, हे तर १९६१ च्या मूळ मातृत्व लाभ कायद्यातच होतं. माझी लेक सव्वादोन महिन्यांची झाली, आमच्या एचआरचं अजून 'प्रोसेसमध्ये आहे' चालूच. परवा पहाटे तीनला तिला मांडीवर थोपटत एका हाताने चौथा मेल टाइप केला, तेवढ्यात दुपट्यासकट माझा गाऊनही ओला. डिंकाचे लाडू आईने पाठवले म्हणून, नाहीतर बाळंतिणीचा खुराकही उधारीवरच. वर ऑफिसातले विचारतात, 'मज्जा आहे बुवा, सहा महिने सुट्टी!'