चारची मॅच शाहूवर, रात्रीची टीव्हीवर

कोल्हापुरात फुटबॉलच्या दर सीझनला एक वाद हमखास निघतो. पेठेत राहायचं आणि स्टेटसला मँचेस्टर, बार्सा, रियल ठेवायचं, हे पोरांचं वागणं जुन्या जाणत्यांना पटत नाही. युरोपच्या क्लबांच्या नादानं पोरं इथल्या शाहू स्टेडियमपासून तुटली, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजिबात मान्य नाही. दोन्ही संघांवर जीव लावता येतो. कुणाकडून काय शिकायचं, एवढं मात्र कळलं पाहिजे, आणि तिथंच आपली गल्लत होते.

वेळेची अडचण तर फारशी नाहीच. शाहूवरचा दिवसाचा दुसरा सामना साधारण चारला सुरू होतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढं येतं. त्यामुळं हिवाळ्यात प्रीमियर लीगची शनिवारची पहिली मॅच आपल्याकडं संध्याकाळी सहाला, तिकडची तीनची मॅच रात्री साडेआठला आणि शेवटची अकराला लागते. शाहूवरून घरी येऊन चहा घेईपर्यंत सहा वाजतातच. अडचण येते ती एप्रिल-मेमध्ये. तिकडची पहिली मॅच आपल्या पाचला येते आणि इकडं नेमके नॉकआऊट चषक रंगात आलेले असतात. त्या दिवशी पेठेचा संघ खेळत असेल तर मैदानावरच जावं, तिकडचे हायलाइट्स रात्री बघता येतात. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य मॅचेस हिवाळ्यात रात्री दीडला आणि एप्रिलपासून साडेबाराला असतात. दुसऱ्या दिवशी आपली मॅच असलेल्या खेळाडूनं त्या बघू नयेत. झोप मोडली की दुपारच्या उन्हात दुसऱ्या हाफमध्ये पाय बोलतातच.

आता खरा मुद्दा. मँचेस्टर सिटी किंवा आर्सेनल बघून आलेला प्रेक्षक गॅलरीतून ओरडतो, "किपर लांब का मारतोय? मागनं खेळा की!" 2019 मध्ये गोलकिकचा नियम बदलला. आधी बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नव्हता, आता किक बसली की खेळात येतो आणि आपला बॅक, म्हणजे बचावपटू, बॉक्समध्येच तो घेऊ शकतो. युरोपात मागून खेळण्याची, म्हणजे किपरपासूनच छोटे पास देत पुढं जाण्याची, जी लाट आली, तिला या बदलानं मोठं बळ दिलं. पण त्या लाटेखाली मैदानही तसंच लागतं. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांमध्ये गवत 30 मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही आणि मॅचच्या आधी पाणी मारून ते ओलं करतात. अशा गवतावर बॉल सरळ आणि वेगानं सरकतो, बॅकला एका टचमध्ये पुढचा पास देता येतो.

आपल्याकडं फेब्रुवारीनंतर जमीन कडक होते, रोज दोन-दोन सामने झाल्यावर गवत विरळ पडतं, बॉल उसळतो. बॅकचा पहिला टच मीटर-दीड मीटर पुढं पळतो आणि तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड अंगावर येतो. बॉल गेला तर गोल वीस पावलांवर. यात पोराचं कौशल्य कमी पडतं असं नाही. त्याला दोन टच लागतात, आणि प्रेसिंग करणाऱ्याला, म्हणजे बॉल हिसकायला अंगावर धावणाऱ्याला, तेवढाच वेळ पुरतो.

म्हणून शाहूवर मधला मार्ग चालतो. किपरनं बॉल हातात असेल तेव्हा साइड बॅककडं फेकावा, कारण हातानं टाकलेला बॉल कमी उसळतो. गोलकिक लांबच मारावी, पण ती मारण्याआधी मिडफिल्डनं हेड मारणाऱ्या फॉरवर्डच्या दहा-बारा मीटरच्या आत यावं. हेडनंतर खाली पडणारा बॉल कुणाचा, यावर आपल्याकडचे निम्मे सामने ठरतात. प्रेसिंगचंही तसंच. सगळा वेळ प्रेस करायला ताजे पाय आणि राखीव खेळाडूंचा तगडा बेंच लागतो. नोकरी सांभाळून सरावाला येणाऱ्या पोरांकडून दुपारी दोनच्या उन्हात ते मागणं अन्यायाचं आहे. त्यांनी पहिली दहा मिनिटं आणि गोल बसल्यानंतरची पाच मिनिटं जोरात प्रेस केलं तरी पुष्कळ. मग टीव्हीवरच्या क्लबचं माप आपल्या संघाला लावून पोरांना शिव्या का घालायच्या?

मग युरोपाकडून घ्यायचं काय? क्लब कसा उभा राहतो, ते. मँचेस्टर युनायटेड 1878 मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला. आर्सेनल 1886 मध्ये वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांचा. एव्हर्टन चर्चमधल्या पोरांचा. म्हणजे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या आपल्या तालमी जशा वस्तीतून उभ्या राहिल्या, तसेच तेही. जर्मनीत आजही नियम आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडंच राहिली पाहिजेत, काही मोजके अपवाद सोडून. तिथला प्रेक्षक वर्गणी भरतो, सभेला बसतो, हिशेब विचारतो. पेठेच्या संघासाठी रात्रभर बॅनर लावणाऱ्या आपल्या पोरांपैकी तालमीच्या वार्षिक सभेला किती जण बसतात?

दुसरी घेण्यासारखी गोष्ट कागदाची. फिफाच्या नियमानुसार खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडं गेला, तर त्या रकमेच्या 5 टक्के रक्कम त्याला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. 12 ते 15 या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, 16 पासून पुढं दरवर्षी अर्धा टक्का. पोरगं 12 ते 17 वयात तालमीकडं नोंदलेलं असेल आणि पुढं त्याची एक कोटीला बदली झाली, तर तालमीचा वाटा होतो दोन टक्के, म्हणजे दोन लाख. करार संपल्यावर फुकट गेला तर हा वाटा मिळत नाही, आणि आपल्या देशातले बरेच खेळाडू तसेच जातात, हेही खरं.

पण स्वप्न अगदीच दूरचं नाही. आपला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडून खेळला, नंतर इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं सरावालाही गेला. त्या ब्लॅकबर्नचे मालक 2010 पासून पुण्याचे आहेत.

गाडी अडते ती नोंदणीवर. पोरगं शाळेकडून खेळतं, तालमीच्या लहान गटात खेळतं, मग बाहेर अकादमीत जातं, आणि तालमीत ते चार वर्षं घडलं याची कुठं नोंदच नसते. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या प्रणालीत संघाच्या नावानं नोंद झाली असेल तरच पुढं हक्क सांगता येतो. म्हणून बाराव्या वर्षापासूनच नोंदणी करा. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव, स्पेलिंग, तारीख आधी जुळवून घ्या, कारण बहुतेक अर्ज तिथंच अडकतात. दर सीझनला नूतनीकरण करा, मधलं एक वर्ष सुटलं की त्या वर्षाचा वाटा गेला. पोरगं दुसऱ्या संघाकडं गेलं तर बदलीची रीतसर नोंद घ्या, आणि प्रत्येक वर्षाच्या नोंदणीची प्रिंट तालमीच्या फाइलला लावून ठेवा.