म्हणे काळा स्क्रू सगळीकडे चालतो!

सध्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "वॉल पॅनल स्वतः लावा, सुताराचे पैसे वाचवा". त्यात ठासून सांगितलंय की काळा जिप्सम स्क्रू कशालाही चालतो, स्क्रू जितका लांब तितकी पकड जास्त, भिंत पक्की असेल तर गिट्टी (भिंतीतल्या भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) नको, आणि स्क्रू पूर्ण ताकदीने आवळायचा. आता स्वतः लावायला माझी काहीच हरकत नाही, लावा की, पण या चारही गोष्टी जशाच्या तशा केल्यात तर नंतर सुताराला बोलवावंच लागेल.

पहिलं काळ्या स्क्रूचं. तो जिप्सम बोर्डसाठीच बनवलाय, डोक्याखालचा भाग गोलसर असतो तो बोर्डाचा कागद न फाडता आत बसावा म्हणून. स्टील कडक केलेलं असतं, त्यामुळे तो वाकत नाही, थेट तुटतो, आणि जाड पॅनलचं वजन सतत त्याच्यावर लटकत असेल तर ते बरं नाही. वरचा काळा थर फॉस्फेटचा, पातळ. कोरड्या खोलीत चालून जातं हो, पण वाशी-कोपरखैरणेत खाडीची हवा, ठाण्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येतेच, तिथे हाच स्क्रू गंजतो आणि पॅनलवर तपकिरी डाग दिसायला लागतात. अशा भिंतीला एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घ्या, कोरड्या भिंतीला झिंकवाला चिपबोर्ड स्क्रू पुरतो. दुकानदार नुसतं "स्टेनलेस आहे" म्हणाला तर चुंबक लावून बघा, ३०४ ला जवळजवळ चिकटत नाही, ४१० ला चिकटतं, आणि ४१० पण स्टेनलेसच असतं पण ओलीत ३०४ इतकं टिकत नाही. पॅनलमागची फ्रेम जीआय चॅनलची (जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची) असेल तर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, जो स्वतःच भोक पाडत जातो, तिथे लाकडाचा स्क्रू घेऊन झटापट करू नका.

लांबीचं तर साधं गणित आहे. पॅनल ८ मिमी, मागची लाकडी पट्टी २५ मिमी, म्हणजे एकूण ३३. तिथे ५० चा स्क्रू मारलात तर टोक भिंतीला टेकणार, डोकं बाहेरच राहणार, आणि नशीब खराब असेल तर कन्सील वायरिंग नाहीतर बाथरूमची पाइपलाइन. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली तर ड्रिल लावूच नका. २५ ते ३० मिमी घ्या, बास.

मागची पट्टी किंवा फ्रेम भिंतीला बसवताना मात्र गिट्टीचा प्रश्न येतो, तिथे जरा थांबतो, कारण घोडबंदरच्या टॉवरमधली भिंत आणि नौपाड्यातली जुनी विटांची भिंत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॉवरमध्ये मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली आरसीसी भिंत असते, तिथे हॅमर ड्रिलशिवाय भोकच पडत नाही, आणि काँक्रीटसाठी वेगळे स्क्रू मिळतात ते सोडले तर साध्या स्क्रूला गिट्टी हवीच. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत बरोबर उलटी, मऊ, तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी वापरायची, छोटी गिट्टी आतल्या आत फिरते. विटांच्या भिंतीत गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये अडकून उपयोग नाही, मागच्या विटेत शिरायला हवी. ६ ची गिट्टी तर ६ चाच बिट, भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल, आणि आतली धूळ फुंकून काढा, हे कोणी करतच नाही.

आणि आवळण्याचं काय, तर पीव्हीसी पॅनल उन्हाने वाढतं. १० फुटी पॅनलला २० अंशांचा फरक पडला तर साधारण ४ मिमी. पश्चिमेच्या भिंतीला एप्रिल-मेमध्ये हा फरक सहज पडतो. वर-खाली ५ मिमी जागा सोडली नाही आणि स्क्रू गच्च आवळला तर पॅनल मधून फुगणार, मग म्हणायचं माल खराब निघाला! स्क्रू पॅनलच्याच कडेच्या पट्टीत मारायचा म्हणजे पुढचं पॅनल त्याला झाकतं, आणि थोडा सैल राहू द्यायचा. एमडीएफला (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाला) आधी बारीक भोक पाडा, नाहीतर कडेला फुटतं. स्क्रू आवळायच्या बॅटरीवाल्या ड्रिलला बहुतेक वेळा क्लच असतो, ठराविक जोरानंतर आवळणं थांबवणारा, त्यावरचे आकडे शोभेला नाहीत, छोट्या आकड्यापासून सुरू करा.

फॉरवर्डच्या शेवटी "नुसत्या सिलिकॉननेही चिकटतं" असंही आहे. चिकटतं, पण रंगाला. जुना रंग पोपडा धरून असेल तर पॅनल त्या पोपड्यासकट खाली येतं.