36 इंचांचा ओटा सगळ्यांना चालत नाही

घराचं काम काढलं की एक मेसेज हमखास येतो. त्यात म्हटलेलं असतं की स्वयंपाकाचा ओटा 36 इंच उंच ठेवा, ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते सरासरी माणसाच्या मापावरून ठरलंय, म्हणून सगळ्यांना चालतं. ओटा उंच असला की वाकावं लागत नाही, त्यामुळे पाठ दुखत नाही. आणि घरात कुणाची उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्यावा.

माझ्या आईच्या घरी कंत्राटदाराने हाच मेसेज दाखवून ग्रॅनाइट बसवलं. आई 4 फूट 10 इंच. ओटा जवळजवळ तिच्या कोपरापर्यंत येतो. गुडघे दुखत असूनही ती कणीक मात्र जमिनीवर बसून मळते, कारण ओट्यावर तिला जोरच लावता येत नाही. म्हणून एकेका दाव्याला उत्तर देते.

आधी 'आंतरराष्ट्रीय प्रमाण'. 36 इंच ही अमेरिकेत रूढ झालेली उंची आहे. तिथे कारखान्यात तयार होणारी कपाटं, शेगडी आणि सिंक एका ओळीत बसवायचं तर एकच उंची सोयीची होती. तिथली सरासरी स्त्री साधारण 5 फूट 4 इंच, आणि घरातही पायात बूट-चपला असणं तिथे नवल नाही. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे 5 फूट, आणि स्वयंपाकघरात बहुतेकींचे पाय अनवाणी. खुद्द अमेरिकेतही कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या अभियंता लिलियन गिलब्रेथ यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी स्वयंपाकघराची मांडणी केली, तेव्हा कामाची उंची काम करणाऱ्या बाईच्या मापाने ठरवावी, असाच त्यांचा आग्रह होता.

पण खरा घोळ 'सरासरी' या शब्दात आहे, आणि तो फक्त ओट्यापुरता नाही. अमेरिकी हवाई दलाला 1950 च्या सुमारास सरासरी मापाने बनवलेल्या कॉकपिटची, म्हणजे वैमानिकाच्या बसायच्या जागेची, हीच अडचण आली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची मापं तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी 10 मापं घेतली आणि प्रत्येक मापात मधल्या 30 टक्क्यांत बसणाऱ्याला 'सरासरी' धरलं. दहाही मापांत सरासरी ठरलेला वैमानिक एकही निघाला नाही. तीनच मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी लोक बसले. उंची मध्यम असणाऱ्याचे हात आखूड असू शकतात, पाय लांब असू शकतात. हवाई दलाने मग सीट आणि पेडल मागेपुढे सरकवता येतील असं करायला लावलं.

मापं वापरायची रीतच वेगळी आहे. दार सर्वांत उंच माणसाचं डोकं लागणार नाही एवढं हवं. मांडणीचा वरचा कप्पा सर्वांत बुटक्या माणसाचा हात पोचेल एवढाच उंच हवा. या दोन्ही ठिकाणी सरासरीचा काहीही उपयोग नाही. आणि जिथे रोज तासन्‌तास हात चालवायचे, तिथे त्या-त्या माणसाचं कोपर मोजायचं.

आता 'उंच ओटा म्हणजे पाठीला आराम'. उभ्याने हलकं काम करायचं तर हात कोपराच्या 4 ते 6 इंच खाली असावेत. जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली. 5 फुटी बाईचं कोपर जमिनीपासून साधारण 38 इंचांवर येतं. म्हणजे तिला चिरण्या-निवडण्यासाठी 32 ते 34 इंच हवेत, कणकेसाठी त्याहून कमी. 36 वर पोळपाट ठेवला की लाटताना खांदे वर चढतात. पाठ वाचली असं वाटतं, पण मान आणि खांदे भरून येतात.

शेगडीचं गणित तर मेसेजमध्ये येतच नाही. ओटा 36, त्यावर शेगडी 4 इंच, वर 6 इंचांचं पातेलं: काठ 46 इंचांवर गेला. त्या बाईचा खांदाच 49 च्या आसपास असतो! होळीला पुरण घाटताना हात किती वेळ उचलून धरावा लागतो, हे ज्यांनी घाटलंय त्यांना सांगायला नको. म्हणून शेगडीखालचा भाग तरी 4-5 इंच खाली घ्यावा, किंवा हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी शेगडी, घ्यावा.

एका ठिकाणी मात्र मेसेज बरोबर आहे: सिंक. सिंकचा तळ ओट्यापेक्षा 7-8 इंच खाली असतो, भांडी घासताना हात तिथे जातात आणि कंबर वाकते ती तिथेच. तेवढा भाग उंच ठेवला तर फायदा होतो. म्हणजे एकाच ओट्याला दोन-तीन उंची लागतात.

'पाट घ्या' हा सल्ला मला सर्वांत खटकतो. ओटा आठ-दहा फूट लांब. बाई सिंकपासून शेगडीपर्यंत दिवसातून शंभरदा फिरते, हातात उकळतं वरण किंवा तापलेलं तेल. तिथे पाटावरून चढ-उतर करायला सांगणं धोक्याचं आहे.

सासू बुटकी, सून उंच, किंवा नवराही स्वयंपाक करणारा, असं असेल तर मुख्य ओटा कमी उंचीच्या माणसाच्या मापाने घ्या. उंच माणसाला जाड लाकडी फळी ठेवून चिरता येतं. ग्रॅनाइट मात्र कुणालाच खाली आणता येत नाही.

माप घ्यायला दोन मिनिटं पुरतात. रोज स्वयंपाक करणाऱ्याला अनवाणी सरळ उभं करा, खांदे सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत टेप लावा आणि 4 ते 6 इंच वजा करा. आणि मिस्त्रीला हे माप फरशी बसल्यानंतरच्या जमिनीपासून धरायला सांगा. कच्च्या कोब्यावरून मोजलं तर फरशी नि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच सहज खातात.